शेजाऱ्याप्रमाणे

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याविरुद्ध एकच अर्ज झाला, आणि तो मीच लिहिला. सांगणारे अप्पा होते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. आमचा कसबा बीदरहून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. कसब्याला बलदिया होती, म्हणजे आजची नगरपालिका, आणि तिच्या कचेरीत मी कारकून होतो. घरी मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत उर्दू असा आमचा दिवस जायचा. उर्दू अक्षर वळणदार म्हणून मला ही नोकरी मिळालेली. वडील लहानपणीच गेले होते, आई होती, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तेव्हा नोकरी म्हणजे काय वाटायची हे वेगळं सांगायला नको.

अप्पांचं घोंगड्यांचं दुकान होतं. त्यांचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले. अप्पांनी तरुणपणी मेंढरं भावांना देऊन टाकली आणि बाजारगल्लीच्या अगदी टोकाला, जिथं माळाचा लाल खडक पुढं येतो, तिथं दुकान मांडलं. कमठाण्यापासून संतपुरापर्यंतच्या वीसेक घरांतल्या बाया त्यांच्यासाठी लोकर कातायच्या आणि पुरुष विणायचे. कोणतं घोंगडं कुणाच्या हातचं, हे अप्पा डोळे मिटून, नुसती कड चाचपून सांगायचे.

उंच, किंचित पुढं झुकलेले. भर उन्हाळ्यातही खांद्यावर काळी घोंगडी. नवखा माणूस विचारायचाच, "अप्पा, या उन्हात घोंगडी कामून?"

"थंडी अडवती ती ऊन बी अडवती," अप्पा म्हणायचे. "तुमी तिची एकच बाजू बगितली."

त्यांच्याकडून घोंगडं विकत घेणं सोपं नव्हतं. आधी कशाला पाहिजे ते सांगायचं. रानात राखणीला, बाळंतिणीच्या खाली, का पाहुण्याला दाखवायला? मग अप्पा एक घोंगडं निवडायचे, दोन खुंट्यांना त्याची झोळी बांधायचे, वर तांब्याभर पाणी ओतायचे आणि गप्प उभे राहायचे. पाणी खाली टपकतं का, हे गिऱ्हाइकानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. याला किती वेळ लागेल ते पाण्यावर. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की अप्पा म्हणायचे, "घाई असली तर गोधडी घे." एवढं होऊन सौदा ठरत आला की घोंगड्याचं एक टोक पुढं करायचे. "हितं गाठ हाय. आंधारात बोटाला लागंल. नंतर म्हणू नको सांगितलं न्हाई म्हणून." निम्मी गिऱ्हाइकं तिथंच परत फिरायची. जी राहायची ती जन्मभर राहायची.

त्यांचा हिशेब कन्नडात चालायचा, देव मराठीत आणि भांडण दखनी उर्दूत. भांडणात आवाज चढायचा नाही. समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवायचे आणि विचारायचे, "असंच म्हणालास न्हवं?" त्यात निम्मी भांडणं संपायची.

त्या वर्षी बलदियानं सगळ्या दुकानांची नवी आकारणी काढली. कचेरीत तिला तशखीस म्हणायचे. दुकान भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर पट्टी, म्हणजे कर, बसवायची. पेशकार, म्हणजे आमचे वरचे कारकून, त्यांनी मला बोलावलं. बाजारगल्ली तीन दिवसांत संपवायची होती. मी म्हणालो, "एवढी दुकानं तीन दिवसांत कशी होतील?" ते म्हणाले, "दर्शनी रुंदी मोज. आतली खोली शेजाऱ्याप्रमाणे लिही."

मी तसंच केलं. रस्त्यात उभा राहायचो, शिपाई गज धरायचा, मी आकडा लिहायचो. एका दुकानाची खोली विचारायची आणि पुढच्या चारपाच दुकानांपुढं लिहायचं: शेजाऱ्याप्रमाणे. अप्पांचं दुकान रुंदीला गल्लीत सगळ्यांत मोठं होतं. पुढं आडव्या बांबूंवर घोंगडी टांगलेली, आतलं काही दिसत नव्हतं. अप्पा एका गिऱ्हाइकापुढं तांब्या घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि पुढं गेलो. त्यांच्या शेजारी कापडवाल्याची पेढी होती, तीन खण आत गेलेली. वहीत अप्पांच्या नावापुढं पडलं, वर्षाचं भाडं एकशेवीस रुपये. आधीच्या आकड्याच्या तिप्पट.

पट्टीची चिठ्ठी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा कचेरीत आले. स्वतःचा पाण्याचा तांब्या बरोबर. माझ्या डेस्कापुढं बसले.

"मुन्शी, अर्ज लिवायचाय."

"कुणाविरुद्ध, अप्पा?"

"तुझ्याविरुद्ध."

मी हातातला बोरू खाली ठेवला. म्हणालो, "मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. बाहेर अर्जनवीस बसलेत."

"त्यांचं अक्षर गिचमिड. साहेबाला वाचता आलं पायजे. तुझं चांगलं हाय." आणि लगेच सांगायला लागले. "लिव. मुन्शी दुकानाफुडं आला. आत आला न्हाई. रस्त्यावरनं बगितलं आन आकडा टाकला. माझं दुकान रुंद हाय, पर खोल न्हाई. मागं खडक हाय. साहेबानं यावं आन बगावं."

ते मराठीत सांगत होते, मी उर्दूत उतरवत होतो. हे भाषांतर माझ्या हातात होतं. 'मुन्शी आत आला नाही' या वाक्यापाशी माझा बोरू अडला आणि मी लिहिलं की पाहणीत काहीशी उणीव राहून गेली. अर्ज घडी करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कपाळाला लावला आणि गेले.

तासाभरानं परत आले. मशिदीपाशी राहणाऱ्या, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांकडून त्यांनी अर्ज वाचून घेतला होता. माझ्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. त्यांची ती रीतच होती, घेतलेली वस्तू ते पाणी ओतून बघायचे.

"मास्तरानं वाचून दावलं," ते माझ्यापुढं बसत म्हणाले. "उणीव राहून गेली म्हणं. मुन्शी, उणीव काय आपोआप राहती? कुणी ठिवली, ते लिव."

शेजारच्या डेस्कावरचे दोघं ऐकत होते. मी हळूच म्हणालो, "अप्पा, माझी नोकरी जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मेंढराच्या पायात काटा आहे का बघावं तसं. "मला तुझी नोकरी नको," ते म्हणाले. "पर पट्टी तिप्पट झाली तर मी ती कुठनं देऊ? गिऱ्हाईक जास्त देत न्हाई. मग मला कातणाऱ्या बायांचं कमी करावं लागंल. तू रस्त्यावर हुबा राहिलास, आन त्याचं वझं कमठाण्याच्या एका रांडमुंड बाईवर जायलंय. तिनं तुला कधी बगितलं बी न्हाई."

मी नवा कागद घेतला. या वेळी लिहिलं, 'मुन्शी आत गेला नाही.' खाली अर्जदाराचा अंगठा आणि कोपऱ्यात, रिवाजाप्रमाणे, लिहिणाराचं नाव. माझंच.

अर्ज पेशकारांकडे गेला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अपने हाथ से अपना गला काट रहा है?" मग मला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्याला समजाव, एक चांगलं घोंगडं आणून देईल तर आकडा कचेरीतल्या कचेरीत दुरुस्त होईल, अर्ज पुढं जाणार नाही. मला सुटल्यासारखं झालं. संध्याकाळी दुकानावर गेलो आणि निरोप सांगितला.

अप्पा विचारात पडले. "घोंगडं द्यायला काय न्हाई. पर त्यांना थंडी वाजायलीय का, ते इचारून ये."

हा निरोप अर्थातच मी पोचवला नाही. घोंगडं आलं नाही, तेव्हा अर्ज पुढं गेला.

महिन्याभरानं तहसीलदार साहेब स्वतः मौक्यावर आले. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ, पांढरी शेरवानी. मागं पेशकार, त्यांच्या मागं वही घेऊन मी. गल्ली गोळा झालेली. साहेबांनी रस्त्यातून दुकानाकडे बघितलं आणि म्हणाले, "दुकान तो बडी है. बाजार की जगह है. एक सौ बीस में क्या गलत है?"

"गलत नै साहेब," अप्पा दखनीत म्हणाले. "इस भाडे को तुमीच ले लेव. मैं आज खाली करता."

"मुझे दुकान नहीं चाहिए."

"तो फिर जिसको होना, उसका नाम बोलो. उसको देता. कोई तो रहना ना, एक सौ बीस देनेवाला."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी गल्लीकडे वळून खरंच विचारलं, कोणी या भाड्यानं घेईल का. कोणी पुढं आलं नाही. कापडवाल्यानं तोंड फिरवलं. मग अप्पांनी बांबूवरची घोंगडी दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि साहेबांना म्हणाले, "आव, अंदर आव."

साहेब उंबरा ओलांडून आत गेले आणि दोन पावलांत थांबले. समोर लाल खडक होता. खडकापासून उंबऱ्याकडे एक बाज टाकली असती तर पाय उंबऱ्याबाहेर आले असते. ते वळले तेव्हा शेरवानीच्या खांद्याला खडकाची लाल धूळ लागलेली. गल्लीत कुणीतरी हसलं. साहेबांनी वही मागितली, नोंद वाचली, आणि मला विचारलं, "अंदर गए थे?"

त्या क्षणी मी अप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पाठ करून घोंगड्यांच्या घड्या घालत होते आणि कन्नडात मोजत होते, ओंदु, एरडु, मूरु. मला वाटतं, मी काय बोलतो ते माझ्यावर सोडावं म्हणून ते मुद्दाम मोजत होते.

"जी नहीं," मी म्हणालो.

"क्यों?"

पेशकार माझ्या अगदी मागं उभे होते. त्यांचं नाव मी घेतलं नाही. म्हणालो, वेळ कमी होता.

साहेबांनी तिथंच हुकूम सांगितला. अप्पांचा आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी. बाजारगल्लीची सगळी आकारणी रद्द, प्रत्येक दुकानात आत जाऊन नवी नोंद. आणि मुन्शीच्या नोकरीच्या किताबात शेरा: भरवशाचा नाही.

गल्लीची मोजणी मला परत एकट्यानं करावी लागली. तीन दिवसांच्या जागी पाच आठवडे लागले. मी रोज या गल्लीतून जायचो, पण दुकानांच्या आत काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बांगडीवाल्याच्या दुकानामागं त्याची अंथरुणाला खिळलेली बहीण होती. ती खोली मी विक्रीच्या जागेत धरली नाही. अत्तरवाल्याची माडी बाहेरून देखणी दिसायची, आत जिन्याला पायऱ्याच उरलेल्या नव्हत्या. आणि कापडवाल्याच्या तीन खणांमागं आणखी दोन खण निघाले, गठ्ठ्यांनी भरलेले. त्याची पट्टी वाढली. त्यानं अप्पांशी बोलणं टाकलं, ते कायमचं.

मी अप्पांना म्हणालो, "तुमचं कमी झालं आणि त्याचं वाढलं. तो तुम्हाला शिव्या घालतोय."

"माझं कमी झालं न्हाई," अप्पा म्हणाले. "त्याचं वाढलं बी न्हाई. हाय तेवढं लिवलंस तू." मग म्हणाले, "तुझ्या किताबात काय लिवलं म्हणं?"

मी सांगितलं. त्यांनी ते शब्द परत म्हणायला लावले. त्यांच्या चेहऱ्यावर खरा राग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"साहेबानं इचारलं, गेलता का. तू म्हणालास, न्हाई. आन त्यानं लिवलं, भरवशाचा न्हाई. असंच न्हवं?"

"व्हय."

"तू गेलतो म्हणाला असतास, तर भरवशाचा राहिला असतास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तांब्या घेऊन कचेरीत हजर.

"मुन्शी, अर्ज लिव. आता तुझ्यासाठी."

मी खूप समजावलं. कारकुनाच्या शेऱ्याशी पट्टी भरणाराचा काही संबंध नसतो, कायद्यात तसं कलम नाही, अर्ज फेकून देतील. ते म्हणाले, "अर्ज माझा, शेरा तुला. संबंध न्हाई कसा? माझ्या अर्जात मी शिक्षा मागितली न्हवती. जे मी मागितलं न्हाई ते माझ्या नावावर कामून दिलं?" अर्ज मी लिहिला, पण या वेळी दुसरीच पंचाईत. माझी बाजू मांडताना मला लाज वाटत होती. मी पुन्हा सौम्य लिहिलं, मास्तरांनी पुन्हा वाचून दाखवलं, अप्पांनी पुन्हा परत आणला.

आमच्या कचेरीनं अर्ज फेटाळला, तहसिलीनंही. अप्पा गुलबर्ग्याच्या मोठ्या कचेरीत गेले. हुमनाबादपर्यंत मिळेल त्या बैलगाडीनं, पुढं मोटारीनं. तारीख पुढं गेली की परत यायचे आणि पुढच्या तारखेला पुन्हा निघायचे. दोन वर्षांत चार वेळा. दुकान तेवढे दिवस बंद राहायचं. मी हात जोडले. म्हणालो, "अप्पा, पुरे करा. या शेऱ्यानं माझं काही अडत नाही." हे खोटं होतं. माझ्या मागून आलेले दोघं माझ्या पुढं गेले होते, आणि तिजोरीची किल्ली माझ्याकडे कधी द्यायचे नाहीत. अप्पांना ते ठाऊक असावं. ते म्हणाले, "तुझं अडत नसंल. माझं अडायलंय."

तेवढी वर्षं आमचं बोलणं यापलीकडे फारसं गेलं नाही. ते माझ्या घरी कधी आले नाहीत, मी त्यांच्याकडे कधी जेवलो नाही. मला अनेकदा त्यांचा रागही यायचा. आपण विसरू बघतो ती गोष्ट दुसऱ्या कुणी इतकी आठवणीत ठेवावी, हे सुखाचं नसतं. आज वाटतं, त्यांना माझ्याविषयी माया होती की नाही मला माहीत नाही. त्यांच्या अर्जातून एक चुकीचा शेरा जगात गेला होता आणि तो त्यांना परत आणायचा होता, एवढं मात्र नक्की.

चौथ्या खेपेहून आले ते ताप घेऊनच. आठवड्यात गेले. मी अंत्ययात्रेला गेलो तेव्हा कमठाण्याकडच्या बाया रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांतली एकही मला ओळखत नव्हती.

हुकूम आला त्यानंतर तीन महिन्यांनी. कागद अप्पांच्या नावाचा, पण पोचवायची जबाबदारी आमच्या कचेरीची, आणि बाजारगल्लीकडची कामं माझ्याकडे. पेशकारांनी तो माझ्यापुढं सरकवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. मी वाचला. दीड ओळीचा होता: ज्यानं विचारल्यावर स्वतःविरुद्ध खरं सांगितलं, त्याला भरवशाचा नाही म्हणता येत नाही. शेरा रद्द.

मी घरी न जाता थेट अप्पांच्या घरी गेलो. त्यांची बायको, गाव तिला अक्का म्हणायचं, अंगणात तुरी निवडत बसली होती. मी समोर उभा राहिलो आणि सांगितलं की गुलबर्ग्याहून कागद आलाय, अप्पांच्या नावाचा, तुमचा अंगठा पाहिजे. तिनं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हणतेत?"

मी वाचून दाखवला, आधी उर्दूत, मग मराठीत. मराठी करताना एकही शब्द मऊ केला नाही, की वाढवला नाही. तिला काय समजलं कोण जाणे. तिनं विचारलं, "म्हंजे आता पुन्हा जावं लागत न्हाई न्हवं, गुलबर्ग्याला?"

"न्हाई अक्का. संपलं."

"लई वाट हाय ती," ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.